दोन वॅटवरचा शेजारी

माझा सेट दोन वॅटचा आहे. दोन वॅट म्हणजे किती, तर फटफटीच्या मीटरमागं काटा दिसावा म्हणून शेंगदाण्याएवढा दिवा असतो, साधारण तेवढी वीज. तेवढ्या विजेवर मी नाणे मावळातल्या माझ्या पडवीत बसून कोकणात समुद्राकडेला राहणाऱ्या एका माणसाशी रोज सकाळी बोलतो. मधे अख्खा सह्याद्री आडवा आहे. आंब्याच्या फांदीपासून कळकाच्या काठीपर्यंत बांधलेली तांब्याची तार, फटफटीची जुनी बॅटरी आणि मी स्वतः जोडलेला सेट, एवढंच सामान.

बोलतो ते बोटानं. खटका दाबला की सूर वाजतो. आखूड दाबला तर आखूड, लांब दाबला तर लांब. त्या आखूड-लांबाची अक्षरं होतात. जुन्या तारखात्यातलीच ती विद्या, मोर्स म्हणतात तिला. ह्या छंदाला हॅम रेडिओ असं नाव आहे आणि त्याला दिल्लीचा परवाना लागतो. बाजारात शंभर वॅटचे सेट तयार मिळतात, पैसे टाकले की झालं. पण काही खोडसाळ माणसं मुद्दाम थोडक्या विजेवर काम करतात, त्याला क्यूआरपी म्हणतात. मी त्यातला. शंभर वॅट घेऊन कुणीही ओरडेल.

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. पुढं रेल्वेत सिग्नल खात्यात खलाशी म्हणून लागलो आणि लोणावळा ते खंडाळा घाटात तारा ओढत, खांब रंगवत उमर काढली. मोर्स मला कुणी शिकवलं नाही. स्टेशनात तारेचं यंत्र होतं, ते दिवसभर कडकट्ट कडकट्ट करायचं आणि मी दारात उभा राहून ऐकायचो. एकदा तारबाबूनं मान वर करून विचारलं, "काय रे, काम न्हाई का? काय बघतोस?"

मी म्हणालो, "कर्जतहून मालगाडी निघाली, बावीस मिनिटं लेट हाय."

बाबूनं हातातला कागद बघितला. अजून त्याचंच लिहून पुरं झालं नव्हतं. त्या दिवसापासून तो मला चहा पाजायला लागला.

पुढं नोकरी संपता संपता परवान्याच्या परीक्षेला बसलो. पेपर इंग्रजीत. दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"चौथी."

"चौथी सेमिस्टर?"

"चौथी इयत्ता."

साहेबांनी चष्मा काढला. पण मोर्सची परीक्षा सुरू झाली तेव्हा शेजारचे पदवीवाले घामाघूम झाले आणि मी डोळे मिटून लिहीत होतो. एकही चूक नाही. पेपर कसाबसा निघाला, कान मात्र पहिला आला. हे मी आजवर भेटेल त्याला सांगितलेलं आहे, न भेटणाऱ्यालाही सांगितलं असेल. घरात कुणी माझ्या शिक्षणावरून बोललं तर मी एवढंच म्हणायचो, "माझं शिक्षण माझ्या कानात हाय."

कोकणातला तो गडी मला परवाना मिळाल्यावर वर्षभरात भेटला. भेटला म्हणजे हवेत भेटला. तारऑफिसातून निवृत्त झालेला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तोही दोन-तीन वॅटवाला. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी बोलतो. रोज सकाळी सात वाजता, घरातली वंदना म्हणून झाली की मी सेटपाशी बसतो आणि त्याला त्याच्या कॉलसाईननं, म्हणजे परवान्यावरच्या अक्षरांनी, हाक मारतो. तो लगेच येतो. पाऊस किती, भात कसं, गुडघा काय म्हणतो, एवढंच बोलणं. दहा मिनिटं, कधी पंधरा.

अठरा वर्षं झाली. मी त्याला पाहिलेला नाही. त्याचा आवाज ऐकलेला नाही. सुरुवातीला त्यानं माझा फोन नंबर मागितला होता. मी म्हणालो, आपण फोनवर बोलायचं नाही, फोनवर जग बोलतं. तो म्हणाला, ठरलं, जो आधी फोन करील तो हरला. नंबर एकमेकांना दिले आणि दोघांनीही कधी लावला नाही. पण त्याचा हात मी हजारात ओळखतो. खटक्यावर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. हा गडी वाक्याचा शेवटचा लांब सूर जरा ओढतो, जेवण झाल्यावर माणूस सावकाश पाट मागं सारतो तसा.

गेल्या साली भात झोडून झालं आणि मला नवा सेट करायची हुक्की आली. त्याला कारण तळेगावचे इंजिनियर. पन्नाशीचे आहेत, आमच्याच छंदातले, मला मानतात. त्यांनी मला घरी बोलावून कॉम्प्युटर दाखवला. पडद्यावर ओळी सरकत होत्या, बाजूला हिरव्या-लाल रेघा.

"आबा, हे बघा, अर्ध्या वॅटवर आत्ता जपानशी काम झालं."

"काय म्हणाला जपानवाला?"

"काही नाही. कॉलसाईन दिलं, सिग्नल किती ते सांगितलं, संपलं. सिग्नल इतका बारीक होता की माणसाच्या कानाला कळलाही नसता. कॉम्प्युटरनं ओळखला."

"मग पाठवला कुणी?"

"कॉम्प्युटरनंच."

"आणि तुमी काय करत होता?"

"मी आत चहा टाकत होतो."

मी लय हसलो. तेही हसले. पण त्यांना त्यात खोटं काही वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं खोटं वाटलं नाही. अर्ध्या वॅटची कुजबुज हजारो मैलांवरून हुडकून काढायची, तीही नुसत्या गणितावर, ही सोपी गोष्ट नाही. ते म्हणाले, "आबा, पुढची पोरं कान लावून बसणार नाहीत. आता खालच्या परवान्याला मोर्स लागतच नाही. कान हा ह्या छंदातला जुना भाग झाला."

हे मात्र मला लागलं. कान जुना भाग झाला! मी लोकलमधे कामशेत येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत मनात सेट जोडत होतो. असा सेट करायचा की सूर सुईसारखा निघेल, बाकी कचरा सगळा गळून जाईल. इंजिनियरांना आणून ऐकवायचा.

महिनाभर खपलो. घरातला पोह्यांचा स्टीलचा डबा घेतला, त्यावरून बायकोशी भांडण झालं. जुना सेट खोलून त्यातले चांगले भाग काढले. आणि ऐकायच्या बाजूला एक चाळण बसवली. म्हणजे असं, की हवेत असंख्य सूर असतात, त्यातला एकच सूर आत घ्यायचा आणि बाकीचे बाहेर ठेवायचे. कुठला घ्यायचा हे बनवणारा ठरवतो. मी बारीक सूर धरला. गर्दीत बारीक आवाज चटकन कळतो, हे मला घाटात शिट्ट्या ऐकून ठाऊक. सेट सुरू केला तर काय, इतकी शांतता! एरवी रेडिओत खरखर असतेच. इथं काही नाही, विहिरीत कान घातल्यासारखं. असा शांत सेट मी आयुष्यात केला नव्हता. भोंगा समोर ठेवून बायकोला हाक मारली.

"ऐक."

"काय ऐकू?"

"काय ऐकू येतंय?"

"बारीक किणकिण येतीया."

"किणकिण कसली? काही न्हाईच येत. तीच तर गंमत हाय."

"मग बोलावलं कशाला? आन् माझा डबा कवा देनार?"

बायकांना रेडिओतलं काय कळतंय म्हणून मी तिला जा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. नाही. म्हटलं, झोपला असेल, थंडी पडली आहे. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. लांबलांबचे मोठे सेट अधूनमधून बारीक ऐकू यायचे, म्हणजे सेट चालू होता. मग माझाच सिग्नल त्याच्यापर्यंत जात नसणार. तार खाली घेऊन सगळे जोड पुन्हा डाग लावून पक्के केले. कळकाच्या काठीला आणखी एक काठी बांधून उंच केली, त्यात घराची दोन कौलं फुटली. बॅटरी बदलली. तारेची दिशा फिरवली. रोज सकाळी हाक, आणि रोज ती विहीर.

"अवो, चा घ्या," बायको म्हणायची, मी म्हणायचो, "काय पुटपुटतीस? मोठ्यानं बोल." हल्ली घरातल्या बायकांना पुटपुटायची सवयच लागली होती.

दहाव्या दिवशी सगळं पिशवीत भरलं आणि लोकलनं लोणावळ्याला गेलो. तिथून भुशीच्या वरच्या बाजूला सड्यावर चढलो. म्हटलं, इथून खाली कोकण दिसतं, इथून हाक दिली तर ओरडल्यासारखी जाईल. कारवीच्या काठ्यांवर तार टाकली. तिकडं फिरायला आलेलं एक जोडपं जवळ येऊन उभं राहिलं.

"अंकल, ये ड्रोन उडानेवाला है क्या?"

"रेडिओ है. बात करता हूँ."

"किससे?"

मी सांगितलं, दोस्तासे. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मी हाक मारत होतो, ऐकत होतो, हाक मारत होतो. मग ती पोरगी त्याच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दोघंही हळूच निघून गेली. समोर खाली कोकण उन्हात पसरलं होतं आणि त्यातला एक माणूस मला सापडत नव्हता.

घरी आल्यावर इंजिनियरांना फोन केला. सेटचं कौतुक सांगायचं बाजूलाच राहिलं. म्हटलं, माझा सिग्नल कुठं जातो का बघा. ते म्हणाले, "सोपं आहे आबा. जगभर लोकांनी ऐकणारी यंत्रं लावून ठेवली आहेत. तुम्ही सकाळी सगळ्यांसाठी म्हणून हाक मारा. ज्या यंत्राला तुम्ही ऐकू याल ते इंटरनेटवर नोंद करील."

सकाळी तसं केलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन. "आबा, मानलं तुम्हाला! दोन वॅटवर केरळातल्या यंत्रानं धरलंय. सिग्नल एकदम स्वच्छ."

"आन् आमचा कोकणवाला दिसतोय का?"

"नाही. पण हे यंत्र फक्त सगळ्यांना हाक मारणाऱ्याची नोंद ठेवतं. उत्तर देणाऱ्याची ठेवत नाही."

त्यांचं हे वाक्य मी ऐकलं, पण मनात शिरलं नाही. माझ्या मनात एकच शिरलं. माझी हाक जाते आहे. केरळात जाते म्हणजे कोकणात जातेच. मग तो का येत नाही? अठरा वर्षांत तो इतके दिवस कधी चुकला नव्हता. नातीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दोन मिनिटं आला होता, म्हणाला, सगळे मला शोधतायत.

त्या दिवसापासून जेवण जाईना. ऐंशीला टेकलेला माणूस. मागं एकदा छातीत दुखलं म्हणाला होता. नंबर माझ्याकडं भिंतीवर लिहिलेला होता, परवान्याच्या तसबिरीखाली. रोज त्याच्यासमोर उभा राहायचो.

बायको म्हणाली, "करा की एकदाचा फोन. हरला तर हरला. काय ऑलिम्पिकचं पदक जानार हाय?"

"हरायचं न्हाई गं. फोन दुसऱ्यानंच उचलला तर?"

त्यावर ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

बाविसाव्या दिवशी रविवार होता. आदल्या दिवशी ठरवलं होतं की उद्या सकाळी शेवटची हाक मारायची आणि नाहीच आला तर नऊ वाजता फोन लावायचा. सूनबाई एरवी साडेसहाच्या लोकलनं घोरावाडीकडं कंपनीत जाते, मालाची तपासणी करायचं काम आहे तिचं. रविवारी ती घरी असते. पडवीला लागूनच चूल. ती भाकऱ्या करत होती.

मी हाक मारली. थांबलो. पुन्हा हाक मारली. थांबलो. तिसऱ्यांदा खटक्यावर हात ठेवला तेवढ्यात ती आतून म्हणाली, "आबा, समोरचं माणूस बोलत असताना तुमी मधेच का सुरू करता?"

"कोण माणूस?"

"ते काय, तुमच्या डब्यातलं. मागच्या रविवारी पन तुमी तसंच केलं. त्यो बिचारा टी-टी करतोय आन् तुमी त्याच्यावर खडाखडा चालू. मला वाटलं, भांडान झालं असंल."

मी उठून दारात गेलो. "तुला ऐकू येतंय?"

"आत्तासुदिक येतंय की. तुमाला न्हाई?"

भोंग्याला कान लावला. विहीर. डब्याच्या पत्र्याला कान लावला. काही नाही. सूनबाई परातीतले हात तसेच घेऊन बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मला तिच्याकडं बघवेना. मी म्हणालो, "पोरी, बस हितं. तो काय करतोय ते मला सांग. लांब का आखूड, एवढंच सांग."

ती पिठाच्या हातानं पाटावर बसली. तिकडून तो इतका सावकाश पाठवत होता की तिलासुद्धा वेगळं करता येत होतं.

"लांब. लांब. थांबला." ती म्हणाली. "आखूड, आखूड. आता जरा जास्त थांबला."

मी.

"आखूड, लांब. थांबला. आखूड आखूड आखूड आखूड. थांबला. एकच आखूड."

आहे.

मी आहे. तेच तो परत परत पाठवत होता. सूनबाई लांब आखूड, लांब आखूड म्हणत होती आणि मी कागदावर तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होतो. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा बायको बाहेर आली, म्हणाली, "काय चाललंय सासरा-सुनेचं?" आणि कागद बघून स्वतःच तवा उतरवायला आत गेली. वाचता तिला येतं.

तो जिवंत होता, धडधाकट होता, बावीस दिवस रोज सातला येत होता, आणि मी रोज त्याच्या तोंडावर बोलत होतो. आमच्यात ह्याहून मोठा अडाणीपणा नाही. नवशिकं पोरसुद्धा आधी ऐकतं आणि मग खटका दाबतं. आणि तो डबा शांत म्हणून मी मिरवत होतो! डबा शांत नव्हताच. सगळं गाव ऐकत असेल ती किणकिण, मी सोडून.

त्या सकाळी मी त्याला एवढंच पाठवलं, थांब, दोन दिवसांनी बोलतो. खरं काय ते सांगायला हात उठला नाही. सूनबाई म्हणाली, "सेट बिघडलाय म्हनून सांगा की, त्यांना काय कळतंय." माझ्या मनातही तेच आलं होतं.

सोमवारी तिनं रजा टाकली आणि मला तळेगावला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. नंतर कागदावर रेघ दाखवली. डावीकडून बरी सपाट येत होती आणि मधे एकदम खाली. आमच्या खंडाळ्याची नागफणी आहे ना, सपाटीवरून येता येता कडा तुटतो, तशी.

"आजोबा, जाडे आवाज तुम्हाला छान ऐकू येतात. बारीक आवाज गेलेत. बायकांचं बोलणं कळत नसेल नीट."

सूनबाई माझ्याकडं बघून हसली. मी कागदाकडं बघत होतो. बारीक सूर मीच धरला होता. इतक्या सुरांतला नेमका कड्याखालचा सूर मी महिनाभर खपून निवडला होता आणि बाकी सगळे बाहेर ठेवले होते.

बाईंनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते मी सकाळी सेटपाशी घालत नाही, दुपारी घालतो. घातलं तेव्हा कळलं की बायको पुटपुटत नव्हती, वर्षभर मला चांगलं मोठ्यानं बोलत होती आणि काय काय बोलत होती तेही कळलं. दोन दिवस यंत्र काढून ठेवलं.

सेटचा डबा सकाळी निघतानाच पिशवीत घातला होता, डॉक्टरीणबाईंकडून निघून तसाच इंजिनियरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हणतील, बघा आबा, कानाचं असंच असतं. ते म्हणाले, "कॉम्प्युटर लावून देतो, पडद्यावर अक्षरं उमटतील."

"नको."

"मग?"

"सूर खाली आणायचा. जाडा करायचा. पन किती खाली ते मला कानानं ठरवता येनार न्हाई आता."

त्यांनी डॉक्टरांचा कागद घेतला, रेघ कुठं तुटते ते बघितलं, आणि डबा उघडून कॉम्प्युटरला जोडला. मी चाळणीतले भाग बदलत होतो, ते पडद्यावर बघून सांगत होते, अजून खाली, अजून, थोडं वर, बस. दोन तास. त्यांच्या मंडळींनी दोनदा चहा दिला. मधेच भोंग्यातून खरखर यायला लागली. जुनी, ओळखीची, चुलीवर आधण ठेवल्यासारखी खरखर. मला कधी वाटलं नव्हतं की त्या कचऱ्यासाठी माझे डोळे भरतील. इंजिनियर पडद्याकडंच बघत राहिले. चांगला माणूस आहे.

मला कुणीकुणी विचारतं, ह्याचं पुढं काय होणार. मला काय माहीत. पोरं उपग्रहावरून बोलतात, कॉम्प्युटरला बोलायला लावून चहा टाकतात. परवाना घेऊन बसतात ना सेटपाशी, मग बसू द्या. थोडक्या विजेत लांब जायचं, ही हौस त्यांचीही तीच आहे. मी बोटानं बोलत राहीन, मला दुसरं येत नाही आणि शिकायचंही नाही. माझा डबा जमवून दिला तो त्यांच्याच कॉम्प्युटरनं, हे मात्र मी लपवत नाही. परवा बायकोसमोर कबूल केलं, ती म्हणाली, "आमच्या पोह्याच्या डब्याचं सोनं झालं म्हना."

मंगळवारी सातला बसलो. हाक मारली, आणि थांबलो. पुरा थांबलो. तो आला. जाड, घोगरा, भुंग्यासारखा सूर. अठरा वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता, पण शेवटचा लांब ओढला आणि पाट मागं सरला.

त्यानं विचारलं, काय झालं होतं?

सूनबाईनं आज साडेसहाची लोकल सोडली होती, जेवणाचा डबा घेऊन पुढच्या लोकलला निघालेली ती उंबऱ्यात थांबली. सेट बिघडला होता, हे लिहायला किती वेळ लागतो! मी खटक्यावर बोट ठेवून बसलो. मग पाठवलं. सेट चांगला आहे. कान गेला. एवढीच अक्षरं, पण एकेक अक्षर खांब उचलल्यासारखं.

मग तो म्हणाला, मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

मी विचारलं, मग रोज कशाला येत होतास?

तो म्हणाला, तू बोलवत होतास. तू हाक मारायचास, मी उत्तर द्यायचो, तू परत हाक मारायचास. माझा पन्नास वर्षांचा संसार असाच झाला, मला सवय आहे.

मी पडवीत एकटाच हसलो. सूनबाई म्हणाली, "काय म्हनाले?" तिला सांगितलं. ती हसतच पळाली, तीही लोकल चुकली असेल.

मग तो म्हणाला, तू ऐकलं नाहीस, पण मी बोललो आहे. वहीत लिहून ठेवलं आहे. रोज काय बोललो ते. सांगू का?

तेव्हापासून आमचं तेच चाललं आहे. आजची बातमी थोडक्यात, आणि मग त्याच्या वहीतला एक दिवस. तेवढ्याचीच पंधरा मिनिटं होतात, कारण मी त्याला सावकाश पाठवायला सांगितलं आहे. हेही सांगायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्याच्याकडं थंडी होती आणि नातसुनेनं मांजर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दाढ काढली. तिसऱ्या दिवशी दाढेचं दुखणं. पाचव्या दिवशी कलमांना मोहर आला. सहाव्या दिवशी मांजर हरवलं आणि आठव्या दिवशी ते शेजाऱ्यांच्या माळ्यावर सापडलं, तोपर्यंत मला दोन दिवस मांजराची काळजी लागून राहिली होती. बायको रोज विचारायची, "घावलं का?"

आज नववा दिवस होता. तो म्हणाला, ह्या दिवशी बातमी नव्हती. वहीत एवढंच आहे: सिग्नल चांगला. तो हाक मारतोय. हात थरथरत नाही, तब्येत बरी असावी.

मी ते कागदावर लिहिलं. दोनदा वाचलं. मग खटका ओढून घेतला आणि विचारलं, पुढं?